जपानीसाठी शिक्षक निवडताना
जपानी शिकण्यासाठी ऑनलाइन शिक्षक शोधत असताना आजच्या चाचणी तासाने माझा निर्णय सोपा केला. आधीचे एक शिक्षक सारे काही रोमन लिपीतच शिकवणार होते; नवशिक्याला ते सोयीचे वाटते हे खरे, पण हिरागाना या जपानी लिपीची 46 मूळ अक्षरे टाळली तर पुढे गाडी अडणारच. आजच्या बाईंनी मात्र कॅमेऱ्यासमोर कागद धरून काताकाना या दुसऱ्या जपानी लिपीतले 'शि' आणि 'त्सु' शेजारी शेजारी लिहून दाखवले: पहिल्यातली लांब रेघ खालून वर जाते, तर दुसऱ्यातली वरून खाली येते. जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेत संभाषणाचा भागच नसतो (याचे मला नवल वाटले), त्यामुळे एन5 या तिच्या सर्वांत सोप्या पातळीच्या तयारीखेरीज बोलण्याच्या सरावाला वेगळा वेळ द्यावा लागेल, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. पुढचे तास त्यांच्याकडेच ठरवले आहेत.