खांबाखालची पिल्लं

परवा मालवणला ओहोटीच्या वेळी जेटीच्या खांबाशी वाकून बघत बसलेलो. खांब खालपर्यंत कालवांनी भरलेला, आणि तिथल्या एका खाचेत करंगळीएवढं गोबरा माशाचं पिल्लू, माझी सावली पडली की आत, सावली हलली की परत तोंड बाहेर. अर्धा तास तिथेच गेला. मामाला सांगितलं (आयुष्यभर तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, होता तो) तर म्हणाला, "अरे, मासो खडपारच रवता. खडप नाय तर खांब." खडप म्हणजे खडक.

तेव्हापासून डोक्यात मुंबई हाय, ते समुद्रातलं तेलक्षेत्र, घोळतंय. १९७४ ला समुद्रात विहिरी खणणाऱ्या सागर सम्राट रिगने तिथे तेल शोधलं, आज किनाऱ्यापासून साधारण १६० किमीवर तेल काढायच्या प्लॅटफॉर्मचे लोखंडी पाय उभे आहेत, आणि आजूबाजूला तळ बघाल तर नुसता चिखल-वाळू, म्हणजे माशाला आडोसा असा नाहीच.

कॅलिफोर्नियात मिल्टन लव्ह नावाचे संशोधक छोट्या पाणबुडीतून वर्षानुवर्षं अशाच पायांभोवती फिरून मासे मोजत होते. तिथला बोकाचिओ नावाचा रॉकफिश मासेमारीने पार कमी झालेला, आणि २००३ मध्ये फक्त ८ प्लॅटफॉर्मखाली त्याची किमान ४ लाख ३० हजार पिल्लं होती! कारण सरळ आहे, बारीक पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि प्लॅटफॉर्मचा पाय पृष्ठभागापासून तळापर्यंत उभा, त्यामुळे कुठल्याही खोलीवर आली तरी त्यांना तो वाटेत लागतोच. मधल्या पाण्यात खाणारे मोठे मासे कमी, म्हणून पिल्लं तिथे वाढतात, मोठी झाली की तळाकडे. वरून गळलेल्या शिंपल्यांचे ढीग साचतात खाली, त्यातही बारकी लपतात.

तेल सांडलं तर काय होतं ते आपल्याला माहितीय, त्याची बाजू मी घेत नाही. आणि प्लॅटफॉर्मभोवतीच्या ५०० मीटरमध्ये बोट न्यायची नाही याचा आपल्या मच्छीमारांना राग आहे, तोही खरा, पण मला वाटतं तेवढ्याच तुकड्यात जाळं पडत नाही हे पिल्लांच्या पथ्यावरच पडत असणार.

मेक्सिकोच्या आखातात ५०० च्या वर जुने प्लॅटफॉर्म विहिरी नीट बंद करून, वरचा भाग काढून समुद्रातच ठेवलेत, माशांसाठी. मुंबई हायचे पायही कधीतरी म्हातारे होणारच. माझं एवढंच म्हणणं, कापायच्या आधी पाणबुडे खाली उतरवा, टॉर्च घेऊन, आणि कालवांच्या खाचेत कोण कोण बसलंय ते मोजा.