तळोज्यात जुनी मोटरहोम घेतली, भाव कसा पाडला त्याचा वृत्तांत

मोटरहोमसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, ठाणे-नवी मुंबई पालथी घातली आणि शेवटी तळोजा एमआयडीसीजवळच्या एका यार्डात मिळाली, फोर्स ट्रॅव्हलर या मोठ्या व्हॅनवर बनवलेली, जुनीच. केवढ्याला पडली, किती कमी केले हे जो तो विचारतोय म्हणून सगळं एकदाच लिहितो.

आधी कधी जायचं ते. पावसाळ्यात जा. लोक म्हणतात उन्हाळ्यात जा, गाडी नीट बघता येते, पण मोटरहोम गळते कुठे ते पावसातच कळतं आणि त्या दिवसांत गिऱ्हाईक कमी असतं त्यामुळे डीलर पण जरा नरम असतो. सकाळी लवकर निघा, शिळफाट्याला संध्याकाळी अडकलात तर घरी कधी पोचाल ते विसरा. सोबत टेम्पो-ट्रॅव्हलरची कामं करणारा मेकॅनिक न्या, कारवाला नको. मी कळव्याच्या एकाला दिवसाची मजुरी देऊन नेलं होतं, ते पैसे पहिल्या अर्ध्या तासात वसूल.

तुर्भ्याला जी पहिली गाडी बघितली ती आतून एकदम चकाचक, बेड, ओटा, टॉयलेट, सगळं. पण आरसी बघितलं तर अजून पिवळ्या पाटीची तेरा सीटर पॅसेंजर गाडी! डीलर म्हणे आरटीओचं आम्ही बघू साहेब, टेन्शन नका घेऊ. टेन्शन घ्यायलाच पाहिजे, कारण मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे आहे त्यात असा बदल परस्पर करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या जानेवारीत ते आणखी स्पष्ट केलंय, आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच पकडणार. तिथे भावच केला नाही, चहा पिऊन निघालो. दुसरीकडे हरियाणा पासिंगची होती, स्वस्त वाटली, पण तिकडची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरल्यावर स्वस्ताई संपली.

तळोज्याच्या गाडीच्या आरसीवर कॅम्पर व्हॅन असं नीट होतं. डीलरने सांगितले साडेचौदा लाख, 'सगळं धरून'. मी विचारलं, शेठ, यात गाडीचे किती आणि आतल्या घराचे किती? तो हसला, म्हणे असं तोडून कोण विकतं. कोणीच नाही विकत, पण घेणाऱ्याने तोडूनच बघायचं. त्याच वर्षाची, तेवढ्याच किलोमीटरची साधी ट्रॅव्हलर कितीला जाते ते चार ठिकाणी विचारून कळतं. तो आकडा वजा केला की उरतो तो घराचा, आणि डीलरचा खरा फुगवटा तिथेच असतो. म्हणून मी एकूण किमतीवर बोललोच नाही, आतल्या एकेका वस्तूवर बोललो.

एसी रात्रभर चालतो म्हणाला. सीटखाली बघितलं तर १२ व्होल्टची २०० एएचची (अँपिअर-अवर) एकच लेड अॅसिड बॅटरी. म्हणजे झाले २४०० वॅट-अवर, ही बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही म्हणजे हातात १२००, आणि एक टनचा एसी ओढतो साधारण हजार वॅट. तासाभरात खेळ खल्लास. हे त्याच्यासमोर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं, तो म्हणाला सर तुम्ही इंजिनीअर आहात का. मग लिथियम बॅटरीचं कोटेशन दाखवलं आणि तेवढे कमी करा म्हटलं.

मग छताच्या व्हेंटजवळ प्लायवर अंगठा दाबला तर तो चक्क आत गेला, म्हणजे पाणी मुरून प्लाय कुजलेला, वरून नवीन वॉलपेपर मारलेला. टायर कधी बनला त्याचा टायरवर चार आकडी कोड असतो, आमच्या मागच्या दोन टायरवर ३२१८ होतं, म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. ग्रिप छान होती पण साइडला बारीक तडे. त्याचे पण वजा.

टेस्ट ड्राइव्ह यार्डाच्या आसपास एक चक्कर मारून संपवू नका, तो तेवढंच म्हणेल. आम्ही हट्टाने मुंब्रा बायपासच्या चढापर्यंत नेली, एसी चालू ठेवून. इंजिन ठीक होतं पण मागची कपाटं प्रत्येक खड्ड्याला उघडत होती.

घरच्यांना आधी सांगून न्या की गाडी आवडली तरी बोलायचं नाही. आमच्या बायकोने तिथेच पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते काढलं, शेठचा चेहरा लगेच खुलला, त्याचे मला वाटतं वीस-पंचवीस हजार गेले!

शेवटी १२ लाख ४० वर आला आणि मग हळूच म्हणतो वर १८ टक्के जीएसटी. इथे बरेच जण फसतात. जुन्या गाडीवर जीएसटी पूर्ण किमतीवर नाही, डीलरची खरेदी आणि विक्री यातल्या फरकावर लागतो (जानेवारी २०२५ पासून सगळ्या जुन्या गाड्यांना १८ टक्के). समजा त्याने १२ ला घेऊन १४ ला विकली तर २ लाखांवर ३६ हजार, पूर्ण किमतीवर धरला तर अडीच लाख. हे बोलल्यावर 'बघतो' म्हणाला आणि आतल्या माणसाशी बोलून १२ लाख ४० मध्येच सगळं बसवलं. हँडलिंग चार्जेस म्हणून लिहिलेले दहा हजार पण खोडायला लावले.

कागदांत अजून एक, जुन्या गाड्यांच्या डीलरला एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २९बी, ते मागा. आधीचं लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा लोनचा बोजा उतरवायचा), थकलेली ई-चलनं त्यानेच भरायची. रोखीत २ लाख किंवा त्यावर चालत नाही, कितीही गळ घातली तरी बँकेतूनच द्या. नावावर झाली की १४ दिवसांत इन्शुरन्स पण नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, तो मिळेल असं सांगून कोणी किंमत वाढवत असेल तर ऐकू नका.

उंची टेपने मोजूनच घ्या. आमची सोसायटीच्या स्टिल्टखाली (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) जात नाही, आता कोलशेतला एका गोडाऊनच्या आवारात भाड्याने उभी असते, हा महिन्याचा खर्च भाव करतानाच डोक्यात धरा.

आणि पूर्ण पैसे एकदम देऊ नका. मी पन्नास हजार आरसीवर माझं नाव येईपर्यंत रोखून धरले, पावतीवर तसं लिहून शिक्का घेतला. शेठ कुरकुरला, पण ट्रान्सफरसाठी मला फोन करावा लागला नाही, तोच करत होता.