शेवटचं किती?

लिहायचं टेबल विकायला काढलं. चारही बाजूंनी फोटो काढले, लांबी-रुंदी-उंची मोजून लिहिली, वापर अकरा वर्षांचा आहे तेही लिहिलं आणि शेवटी किंमत टाकली. तासाभरात पहिला निरोप आला. नमस्कार नाही, टेबलाबद्दल अवाक्षर नाही. दोनच शब्द : ‘फायनल किती?’

लिहिलेली किंमत फायनल नाही, असं मी कुठेच म्हटलं नव्हतं. पण त्या माणसाला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मलाही माहीत होतं. कोणीतरी कमी करा म्हणेल, तेव्हा कमी करायला हाताशी काही हवं, म्हणून आकडा टाकताना मी तो थोडा फुगवलाच होता. तो कमी करायला सांगणार म्हणून मी वाढवलं, आणि मी वाढवलं असणार म्हणून त्याने कमी करायला सांगितलं. हिशेब चोख होता. तरी मला राग आलाच. मी थोडा खालचा आकडा कळवला, तर उत्तर आलं, ‘बघायला आल्यावर बोलू.’ म्हणजे फायनलच्या पुढेही एक मुक्काम असतो तर!

दुकानात हा राग येत नाही. तिथली किंमत भलत्याच कोणीतरी ठरवलेली असते, समोर उभा असलेला माणूस फक्त ती वाचून दाखवतो. आपण महाग म्हटलं तरी त्याचं काही बिघडत नाही. घरातली वापरलेली वस्तू विकताना मात्र मधे काउंटर नसतो. वस्तू आपली, किंमत आपण लावलेली, दारही आपलंच. आणि आत आलेला परका माणूस टेबलाबरोबर आपल्या भिंतींकडेही एक नजर टाकून घेतो. अशा वेळी ‘जरा जास्तच सांगताय’ हे वाक्य टेबलाला लागत नाही, आपल्याला लागतं.

मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून अगदी कुचकामाची. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांकडून पुस्तकांचं जुनं कपाट घेतलं. घरी गेले, कपाट आवडलं. त्यांनी आकडा सांगितला आणि मी लगेच ‘चालेल’ म्हणून मोकळी झाले. कमी करा म्हणायला जीभच वळेना. भीड भिकेची बहीण म्हणतात, तशातली गत. पण त्या दिवशी मला चटका लावून गेला तो त्या गृहस्थांचा चेहरा. खरं तर मागितलेले सगळे पैसे हातात पडले होते, माणूस खुश व्हायला हवा. ते पडलेल्या चेहऱ्याने कपाटाकडे पाहत राहिले आणि मग हळूच म्हणाले, ‘कपाट भक्कम आहे हो तसं.’ आपण कमी तर सांगितलं नाही ना, हा किडा मीच त्यांच्या डोक्यात सोडला होता.

हा माझ्या मनाचा खेळ नाही. मानसशास्त्रज्ञ ॲडम गॅलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली नेमकं हेच तपासलं होतं. ज्यांचा पहिलाच आकडा समोरच्याने ताबडतोब मान्य केला, ते लोक सौद्यावर कमी समाधानी निघाले. चार फेऱ्या होऊन कमी पैसे पदरात पडले तरी माणसाला बरं वाटतं. झटकन मिळालेल्या होकाराने झोप उडते. हे वाचलं तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय : घासाघीस करणं हा अशिष्टपणा नव्हेच. थोडी तरी करावी. निदान समोरच्याच्या समाधानासाठी करावी.

पण कशी, हा खरा प्रश्न. टेबल बघायला दोन गिऱ्हाइकं आली आणि त्या दोघांनी मला ते शिकवलं.

पहिले आले ते फायनलवाले. आल्या आल्या त्यांनी टेबलावर बोटाने टकटक केली, कान देऊन ऐकलं, खाली वाकून पायांचे जोड पाहिले आणि निकाल दिला, ‘हे लाकूड नाहीच मॅडम. दाबलेला भुसा आहे.’ मला माहीत होतं ते. फळी भुशाचीच आहे, वर नुसता लाकडाचा भास आहे. पण ज्या सुरात ते म्हणाले त्या सुराने टेबलाच्या जोडीला मीही भुशाची झाले. पुढे डाग निघाला, मग कोपऱ्याची पट्टी उचकटलेली निघाली, मग ‘ही डिझाईन आता कोण घेतं?’ झालं. इतकं सगळं झाल्यावर त्यांनी जो आकडा सांगितला तो मुळीच वाईट नव्हता. मी लिहिलेल्या किमतीच्या पाऊण तरी असेल. मी म्हटलं, ‘नाही जमणार.’ ते गेले. जाताना दारात म्हणाले, ‘यापेक्षा जास्त कोणी देणार नाही.’ आणि ते खरं ठरलं.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला. नुकताच नोकरीला लागलेला असावा. त्याने टेबलावरून तळहात फिरवला, खुर्चीत बसून उंची अजमावली आणि म्हणाला, ‘छान ठेवलंय काकू. मला आवडलंय. पण एक सांगू का? माझं बजेट एवढंच आहे.’ त्याचा आकडा आदल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा कमी होता. थोडाथोडका नव्हे, चांगला कमी होता. मी म्हटलं, ‘थोडं वर ये.’ तो थोडं वर आला. मी थोडं खाली उतरले. टेबल त्याला दिलं.

तोट्याचा व्यवहार झाला, हे मला गणित म्हणून कळतं. पण पडत्या भावाने विकण्यापेक्षा नाकारणं माणसांना अनेकदा सोपं जातं, हेही तपासलेलं आहे. १९८२ साली अर्थशास्त्रज्ञ वेर्नर ग्युट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खेळ मांडला. एकाने रक्कम वाटायची, दुसऱ्याने वाटा पटला तर घ्यायचा. नाही पटला तर दोघांनाही काहीच नाही. कोरड्या हिशेबाने पाहिलं तर दुसऱ्याने मिळेल तो तुकडा घ्यावा. पुढे हाच खेळ ठिकठिकाणी खेळला गेला आणि अगदी लहान वाटा देऊ केला की बरेच जण सरळ नाही म्हणतात, असं दिसत राहिलं. आपला तोटा झाला तरी चालेल, पण त्यालाही मिळू नये! माझ्या बाबतीत तर आकडासुद्धा अपमानाचा नव्हता. अपमान आकड्याआधीच्या वाक्यांत होता.

त्या मुलाने ‘बजेट’ हा शब्द वापरला त्यात मोठी खुबी होती. कमीपणा त्याने टेबलाच्या माथी न मारता स्वतःच्या खिशाकडे घेतला. टेबल चांगलंच आहे, पोहोच माझी तेवढी नाही. आता त्याचं बजेट खरंच तेवढं होतं की नाही, देव जाणे. मला ते तपासावंसंही वाटलं नाही. वस्तूला नावं ठेवून भाव पाडणाऱ्याला आपण उलट तपासतो. वस्तूचं कौतुक करून अडचण सांगणाऱ्याचं मात्र मान्य करून टाकतो.

अर्थात टेबलाबद्दल मी इतकी हळवी का व्हावी, हाही प्रश्नच आहे. आपला तो बाब्या, दुसरं काय? १९९० साली डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग भेट दिले आणि मगांचा बाजार भरवला. ज्यांच्याकडे मग होते त्यांनी मागितलेली किंमत, ज्यांच्याकडे नव्हते ते देऊ करत होते त्याच्या साधारण दुप्पट निघाली. तो मग मालकाच्या हातात येऊन किती वेळ झाला होता? काही मिनिटं. माझं टेबल अकरा वर्षं माझ्याकडे होतं. ज्या डागाला त्या गृहस्थांनी बोट लावलं, तो माझ्या मुलीने पहिल्यांदा शाईचं पेन हातात धरलं त्या दुपारचा आहे. त्यांना दिसला तो डाग, आणि खरेदीला आलेल्या माणसाला डागच दिसायला हवा. त्या दुपारचे पैसे त्याने का द्यावेत? किंमत टाकताना आपण ती दुपार हळूच बेरजेत घुसडतो, आणि मग समोरचा घासाघीस करायला लागला की तो आपल्या लेकरावरच हात टाकतोय असं वाटतं.

मग दोष बोलायचेच नाहीत का? बोलायचे, पण विकणाऱ्याने बोलायचे, तेही आधी. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या गाड्यांचं उदाहरण घेऊन दाखवलं की गाडीतली खोट विकणाऱ्यालाच माहीत असेल आणि घेणाऱ्याला कळायचा मार्ग नसेल, तर घेणारा सगळ्यांकडेच संशयाने बघतो, सगळ्यांनाच कमी भाव देऊ करतो, आणि ज्याची गाडी खरंच चांगली आहे तो ती विकायचीच नाही म्हणून परत नेतो. फायनलवाले टकटक करत होते त्याचं मूळ इथे असणार. त्यांना यापूर्वी कोणीतरी भुसा लाकूड म्हणून विकला असेल.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी शहाणी झाले. त्या मुलाला आधीच सांगितलं, ‘डावीकडचा खण अडकतो. जरा वर उचलून ओढावा लागतो. ते धरूनच किंमत सांगितली आहे.’ एक दोष आपल्या तोंडाने सांगितला की समोरचा माणूस बाकीचे शोधायचं बरंचसं सोडून देतो. शिवाय ‘ते धरूनच’ हे दोन शब्द फार कामाचे आहेत. एकच खोट दोनदा वजा करता येत नाही. आणि दोष सांगितल्याने गिऱ्हाईक पळतं असंही नाही. पियेर ओमिड्यार यांनी १९९५ साली ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटची सुरुवात केली तेव्हा सुरुवातीच्या विक्रीत त्यांचा स्वतःचा मोडका लेझर पॉइंटर होता. तो घेणाऱ्याला त्यांनी मुद्दाम विचारलं, बाबा रे, हा चालत नाही हे कळलंय ना? तो म्हणाला, मी मोडकेच गोळा करतो!

आकडा आधी कोणी बोलायचा, यावर तर आमच्या घरात मतभेद आहेत. नवऱ्याचं म्हणणं, समोरच्याला बोलू द्यावं. न जाणो, जास्तच सांगेल. मला हे ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं वाटतं. ‘तुम्हीच सांगा’, ‘नाही हो, तुम्हीच सांगा’ करत दोन प्रौढ माणसं दारात ताटकळतात. आणि पहिल्या आकड्यात जोर असतोच. १९७४ साली एमॉस ट्वर्स्की आणि मगांच्या प्रयोगातलेच कानेमन यांनी लोकांसमोर एक चाक फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के? ज्यांना १० दिसला त्यांचा अंदाज २५ च्या आसपास, ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५ च्या. चाकाचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरी मन त्या आकड्याला बांधलं गेलं. खुंट्याला बांधलेलं जनावर दाव्याच्या लांबीएवढंच फिरतं, तसं. म्हणून खुंटा जिथे ठोकायचा तिथे विकणाऱ्याने सरळ ठोकावा, लपवाछपवी करू नये.

आणि मग शेवटी येतो तो मधला आकडा. ‘तुमचं नाही, माझं नाही, मध्ये करू.’ ईबेवरच्या अडीच कोटींहून अधिक वस्तूंचे सौदे तपासणारा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातही दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये सुचवलेला भाव मान्य होण्याकडे कल दिसला. मध्य हा न्यायाचा वाटतो. पण मध्य कशाकशाचा? निम्म्यावरून सुरुवात करणारा ‘मध्ये करू’ म्हणतो तेव्हा त्याने मध्य आधीच आपल्याकडे ओढून ठेवलेला असतो. त्या मुलाने तसं केलं का? केलं असेल. गोड बोलून केलं.

एक गोष्ट मात्र मी घासाघीस मानत नाही. भाव ठरवून यायचं, खाली गाडी उभी करायची, वस्तू अर्धी दाराबाहेर काढायची आणि मग म्हणायचं, ‘काकू, एवढेच आणलेत.’ ही अडवणूक आहे. तसंच ठरल्यावर ‘दुसरा जास्त देतोय’ असं कळवणाऱ्या विकणाऱ्याचं. आणि ‘संध्याकाळी येतो’ म्हणून तीन संध्याकाळी न येणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही. नको असेल तर नको म्हणावं, एवढं एका ओळीत सांगता येतं.

तर तो मुलगा पैसे देऊन, मित्राच्या मदतीने टेबल घेऊन गेला. जाताना जिन्यावरून म्हणाला, ‘नीट वापरीन काकू.’ मी दार लावलं. भिंतीवर टेबलाच्या उंचीची एक फिकट रेघ राहिली होती.

संध्याकाळी नवरा आला. रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाला, ‘कितीला दिलंस?’

मी आकडा सांगितला.

‘एवढ्याला? कालचा माणूस तर...’

‘अरे, होतं काय त्यात?’ मी म्हटलं. ‘दाबलेला भुसा तर होता.’