आमची वाटचाल : आधी जेवताना बघा, मग स्टँड घ्या

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांच्या काळात ग्रिल, गेट, कुंड्यांची स्टँडं अशी कामं चालायची. कुत्र्याच्या भांड्याचं स्टँड हा धंदा आहे असं तेव्हा कुणी म्हणालं असतं, तर अण्णांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

सुरुवात झाली ओळखीच्या एका सरांच्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरमुळे. मान आखडलेली, खायला वाकला की पुढचे पाय टाइल्सवरून फाकायचे. डॉक्टरांनी भांडं थोडं उंचावर द्या म्हणून सांगितलेलं. सरांनी पाटावर ठेवून बघितलं, तर पाटासकट भांडं हॉलभर फिरलं. आम्ही चौकोनी पाइपचे चार पाय आणि वर सळईची रिंग करून दिली. भांडं रिंगेत खणखणायला लागलं आणि कुत्रा जवळ फिरकेना. रिंगेला आतून रबरी पट्टी, पायांना रबरी बूट बसवले, तेव्हा कुठे पठ्ठ्या जेवला. आजही आमचा जास्त वेळ वेल्डिंगपेक्षा या रबरात जातो.

हळूहळू ऑर्डरी यायला लागल्या आणि प्रत्येकाला स्टँड उंचच हवं. इथे मात्र आम्ही हात आखडता घेतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १,६०० हून जास्त मोठ्या आणि अतिमोठ्या जातींच्या कुत्र्यांची पाहणी केली होती. ती २००० साली प्रसिद्ध झाली. उंचावरच्या भांड्यात खाणाऱ्यांमध्ये पोट फुगून पीळ बसण्याचा धोका त्यात जास्त दिसला. पुढे त्यावर मतभेद झाले, पण पीळ बसला आणि वेळेत उपचार झाले नाहीत, तर काही तासांत जीव जातो. तेव्हा ग्रेट डेन, सेंट बर्नार्डवाल्यांना आम्ही सरळ सांगतो, आधी डॉक्टरांना विचारून या. आपल्याकडच्या कारवानी या शिकारी कुत्र्याचीही छाती खोल, म्हणजे पिळाची भीती त्यालाही. रानात अॅल्युमिनियमच्या भांड्यात जमिनीवर भाकरी-दूध खाणाऱ्या धडधाकट कारवानीला स्टँड कशाला? गिऱ्हाईक परत पाठवलं की मुलगा कपाळाला हात लावतो, ते वेगळं.

म्हणून आता ऑर्डरआधी कुत्र्याचा जेवतानाचा व्हिडिओ मागवतो. कोपर टेकवून आरामात खातोय, तर राहू दे. कॉकर स्पॅनियलचे कान आमटीत बुडत असतील, तर त्याला स्टँड नको, वरून निमुळतं भांडं हवं. पगचं नाक चपटं, त्याला खोलगट वाटीपेक्षा पसरट थाळी बरी. हावरटासारखा गिळणाऱ्याला उंचवट्यांची थाळी द्यावी, म्हणजे एकेक दाणा हुडकत खातो. असली भांडी आम्ही बनवत नाही, दुकानातून घ्या म्हणतो.

एक काम मात्र अगदी निराळं आलं. अन्ननलिका सैल पडलेलं एक कुत्रं, खाल्लेलं तसंच वर यायचं. अशा कुत्र्याला उभं बसवूनच भरवावं लागतं आणि जेवणानंतरही थोडा वेळ तसंच ठेवावं लागतं. लहान पोराच्या खुर्चीसारखी, पुढून फळी बंद होणारी खुर्ची शेजारच्या सुतारमामांनी केली, सांगाडा आमचा. मालकीणबाई माप द्यायला कुत्र्यालाच घेऊन आल्या होत्या. ते मुकाट उभं राहिलं, मामा मात्र टेप लांबूनच धरत होते.

सध्या पायांची उंची बदलता येईल असं स्टँड करतोय, वाढत्या पिल्लांसाठी. पाइपला भोकं पाडून पिन घातलीय, पण पिन अजून हलते. ती घट्ट बसल्याशिवाय विकायचं नाही, असं अण्णांनी बजावलंय.