माळी आधी की मासाळ?

सांगलीला चाललोय म्हटल्यावर आईने एवढंच विचारलं, "येताना भडंग आणशील ना?" मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेत मी दोन दिवस काय करणार, याची तिला चौकशी नव्हती. पुण्याहून एसटीने निघालो. पेठ नाक्याला महामार्ग सुटला आणि पुढच्या रस्त्याने पाठीचा एकेक मणका मोजून घेतला.

परिषद एका इंजिनिअरिंग कॉलेजात होती. सगळीकडे क्लाउड, कंटेनर आणि एआय. "अजून डेस्कटॉप अ‍ॅप कोण वापरतं?" हे चहाच्या रांगेत मला चौघांनी विचारलं. पाचवा दिसल्यावर मी चहाच सोडला. जेवण मात्र झकास: भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा.

ते खाऊन पेंगुळलेल्या लोकांसमोर माझं सत्र. छोट्या वाचनालयांसाठी जीटीके या खिडक्या-बटणं काढून देणाऱ्या साधनावर केलेला माझा डेस्कटॉप प्रोग्रॅम, इंटरनेटशिवाय चालणारा. सभासदांची यादी पडद्यावर होती. मागच्या रांगेतून एक काका उठले. तासगावकडच्या एका गावात ग्रंथपाल, भाच्याने आणलेले.

"सर, मासाळच्या वर माळी कसं आलं ओ?"

"फॉन्टचा प्रॉब्लेम असेल," मी म्हणालो.

हे धादांत खोटं होतं. फॉन्टचा आणि क्रमाचा काडीचा संबंध नाही. काका "बरं" म्हणून बसले. त्यांना पटलेलं नव्हतं हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही.

आपल्या वर्णमालेत ळ येतो हच्या नंतर. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडने त्याला बसवलाय लच्या शेजारी: ल ०९३२, ळ ०९३३, आणि व, स, ह त्याच्या पुढे. माझी सगळी माहिती एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये. त्याला वेगळं काही सांगितलं नाही तर तो नुसते बाइट्स, म्हणजे शेवटी हे क्रमांकच, ताडून पाहतो. त्यामुळे माळी मासाळच्या आधी. तीन वर्षं मी हा प्रोग्रॅम लिहितोय, आडनावांच्या याद्या शेकडो वेळा पाहिल्यात, आणि पहिलीत घोकलेली मुळाक्षरं मला एकदाही आठवली नाहीत.

संध्याकाळी सगळे गणपती मंदिराकडे गेले. मी आयर्विन पुलावर रेंगाळलो. १९२९ सालचा दगडी पूल, खाली संथ कृष्णा. पूर आला की याच पुलापाशी पाणी किती फूट झालं यावर अख्ख्या सांगलीचा जीव टांगलेला असतो. मला मात्र तिथेही माळी आणि मासाळच दिसत होते. लॉजवर परतलो. पंखा खडखडत होता, चादरीबद्दल न बोललेलंच बरं. आयसीयू नावाच्या तयार कोडच्या संचात मराठीची क्रमवारी तयारच असते, ती एसक्यूलाइटला जोडायची एवढंच काम. दीड वाजता मासाळ वर, माळी खाली.

सकाळी काकांना गाठलं. आधी कालच्या थापेबद्दल माफी मागितली. "असू द्या ओ," म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि यादी बोटाने वरून खाली वाचत गेले. माळीपाशी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. बोट पार शेवटच्या ओळीवर जाऊन थांबलं.

"क्षीरसागर हितं तळाला कशाला नेलासा?"

मराठीच्या त्या क्रमवारीत क्ष आणि ज्ञ हे ळच्याही नंतर येतात, शाळेतल्या तक्त्यासारखेच. तसं मी सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं.

"तक्त्यात असंल. आमच्या रजिस्टरात क्षीरसागर कमध्येच. पहिल्यापासनं."

भाचा हसत होता. मी वही काढली, त्यांच्या रजिस्टरात ज्ञानेश्वर कुठे येतो ते विचारलं, आणि ते सांगतील तसं लिहून घेत बसलो. त्या नादात साडेदहाचं क्लाउडवरचं सत्र बुडालं.

भडंग स्टँडवर घेतलं. निम्मं कराडच्या आत संपलं.