व्हायरल करून दे म्हणे!

मालिकांचे प्रोमो कापणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे ‘हा जरा व्हायरल करून दे’ ही फर्माईश ठरलेलीच. जणू सॉफ्टवेअरमध्ये तसं बटणच आहे!

अशा वेळी मला ‘मॉर्बियस’ हा हॉलिवूडचा सिनेमा आठवतो. २०२२ मध्ये लोकांनी मीम्स करकरून त्याची एवढी टर उडवली, की जूनमध्ये तो अमेरिकेतल्या हजारेक थिएटरांत पुन्हा लावला गेला. आणि पुन्हा आपटला. हसणारे फोनवरच हसत होते, तिकीट कोण काढणार?

त्याच वर्षी ‘वेन्सडे’ या नेटफ्लिक्सवरच्या मालिकेचं उलटं झालं. मालिकेत नायिका वेन्सडे नाचते ‘द क्रॅम्प्स’ या बँडच्या गाण्यावर. टिकटॉकवर मात्र चाहत्यांनी त्या नाचाला पॉप गायिका लेडी गागाचं २०११ सालचं ‘ब्लडी मेरी’ चिकटवलं, तेही वेग वाढवून. मग जो तो नाचायला लागला. शेवटी खुद्द गागानेही तसा व्हिडिओ टाकला.

मला यातली गंमत अशी वाटते, की त्या नाचासाठी कथा माहीत असायची गरज नव्हती. चेहरा मख्ख ठेवा, हात वेडेवाकडे फिरवा, झालं. बघणाऱ्याला स्वतः करून बघता आलं, की तोच फुकटात जाहिरात करतो. ट्रेलर कितीही देखणा असू द्या, त्यात ही सोय नसते.

म्हणून मी हल्ली नुसते तुकडे देते : एखादा कटाक्ष, एखादा टोमणा, वर नाव नाही, संगीत नाही. ज्याला जे जोडायचं ते जोडू दे. निर्मात्यांना हे पटवणं महाकठीण. त्यांना पहिल्याच फ्रेमवर लोगो हवा असतो. परवा तर दोन होते.