वरून बघणारे काका

नाइट संपवून आले, आंघोळ झाली, चहा झाला, तरी झोपेचं नाव नाही. पडून कूस बदलत बसण्यापेक्षा लिहून टाकते.

पाच नंबर बेडचे काका काल मोकळे बोलायला लागले. मागच्या आठवड्यात त्यांना आयसीयूतच अरेस्ट आला होता, म्हणजे हृदय बंद पडलं होतं. दोन शॉक दिले, मग लय परत आली. काल पहाटे बीपी घेताना म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मला बडवत होतात ना, ते मी बघत होतो." छताच्या जाळीपाशी होतो म्हणे, एसीच्या झोताजवळ. खाली एक म्हातारा तोंड वासून पडलेला आणि एक लहानखुरी पोरगी खुर्चीवर चढून त्याची छाती दाबतेय. दुखत काहीच नव्हतं. त्या म्हाताऱ्याची कीव मात्र आली.

लहानखुरी पोरगी म्हणजे मी. या वयात पोरगी म्हटल्याबद्दल काकांचे आभार. खुर्ची नव्हती, स्टूल होतं. माझी उंची बेताची, कॉट पार खाली घेतली तरी कोपरं सरळ ठेवून जोर लागत नाही. म्हणून मी वॉर्डबॉयला ओरडले होते, "मामा, स्टूल!" ते अख्ख्या आयसीयूने ऐकलं असणार. ऐकू येणं सगळ्यात शेवटी जातं, असं आम्हाला पहिल्या वर्षापासून सांगत आलेत. शिवाय छाती नीट दाबली तर मेंदूपर्यंत थोडंफार रक्त जातंच. सीपीआर, म्हणजे हे छाती दाबणं, चालू असताना डोळे उघडणारे, हात झटकणारे पेशंट मी पाहिलेत. तेव्हा काकांनी 'स्टूल' ऐकलं आणि बाकीचं चित्र मनाने रंगवलं, असं म्हणून हिशोब मिटवता येतो.

पण मग वरून का? कॉटवर पडून अर्धवट डोळ्यांनी पाहिलं असेल तर मी त्यांच्यावर ओणवलेली दिसायला हवी. स्वतःचं वासलेलं तोंड कसं दिसलं?

यावर डोकं खाजवणारी मी पहिली नव्हे. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रिया मिळून १५ हॉस्पिटलांत डॉ. सॅम पार्निया यांच्या चमूने हेच तपासलं. जिथे अरेस्ट होण्याची शक्यता जास्त, तिथे उंच फळ्या ठोकल्या आणि त्यांवर छताकडे तोंड करून चित्रं ठेवली. खाली उभ्या असलेल्याला काही दिसणार नाही, वर तरंगणाऱ्याला दिसेल. मला ही कल्पना वाचून हसूच आलं होतं, आणि कौतुकही वाटलं. २०६० अरेस्ट नोंदले गेले. त्यातल्या वाचलेल्या आणि बोलू शकणाऱ्या १४० जणांच्या मुलाखती झाल्या. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. वरून पाहिल्याचं नीट सांगणारे अगदी मोजके निघाले, आणि नेमके त्यांचे अरेस्ट फळी नसलेल्या जागी झालेले! त्यातल्या एकाने सांगितलेलं खोलीतलं बरंचसं वर्णन जुळलं. पण चित्र ओळखण्याची वेळ कोणावरच आली नाही. आमच्याकडे फळी ठोकली तर वर्षभरात चित्रावर इतकी धूळ बसेल की आत्म्याला फडकं घेऊन जावं लागेल.

'वरून का' याचं थोडं उत्तर जिनिव्हात मिळतं. २००२ मध्ये मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके आणि त्यांचे सहकारी फिट्सच्या एका पेशंटची तपासणी करत होते. मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर-मागे, अँग्युलर गायरस नावाच्या भागाला त्यांनी बारीकसा विजेचा झटका दिला. बाई म्हणाली, मी वरून स्वतःला पलंगावर पडलेली बघतेय, पण फक्त पाय आणि कमरेखालचं. झटका थांबवला की थांबे, परत दिला की परत. मी कुठे आहे, उभी की आडवी, हा हात माझाच ना, याची जुळणी मेंदू त्या परिसरात सतत करत असतो. डोळ्यांकडून, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून, स्नायूंकडून आलेले निरोप एकमेकांशी जुळले नाहीत तर 'मी'चा पत्ताच बदलतो. पुढे २००७ मध्ये हेन्रिक एर्सन या मेंदूच्या अभ्यासकाने तर धडधाकट माणसांना कॅमेऱ्याने फसवलं. डोळ्यांपुढे पडदे लावायचे आणि त्यांत माणसाच्या पाठीमागे ठेवलेल्या कॅमेऱ्यांना दिसणारं चित्र दाखवायचं. मग एक काडी खऱ्या छातीला लावायची, त्याच क्षणी दुसरी कॅमेऱ्याखालच्या मोकळ्या हवेत. थोड्याच वेळात माणसाला वाटतं की आपण मागेच बसलोय. त्या मोकळ्या जागेवर हातोडा उगारला की खऱ्या अंगाला घाम सुटतो.

मलाही नाइटनंतरच्या दुपारच्या झोपेत असं होतं. जाग आलेली असते, रिक्षाचा हॉर्न ऐकू येतो, पण बोट हलत नाही. छातीवर कोणीतरी बसलंय. स्वप्नाच्या झोपेत शरीर लुळं पडतं, तो लुळेपणा जाग आल्यावरही काही क्षण रेंगाळतो, हे मला माहीत आहे आणि त्या वेळी त्याचा काडीचा उपयोग होत नाही. सासूबाई म्हणतात, उताणी झोपू नकोस. झोपेवर काम करणारे डॉक्टरही तेच सांगतात, उताणं झोपल्यावर हे जास्त होतं. एकदा तर मी तशीच अलगद वर उचलले गेले आणि कपाटाचा माथा पाहिला. स्वच्छ, रिकामा. उठून बघितलं तर त्यावर नणंदेची बॅग होती, आदल्या रात्री मी ड्यूटीवर असताना ठेवलेली. म्हणजे मी पाहिलं ते माझ्या आठवणीतलं कपाट. काकांना हे सांगितलं नाही. त्यांचा अनुभव त्यांचा, माझ्या कपाटाने तो का मोजावा?

गंमत म्हणजे या विषयात जो तो गेलेल्याच्या मागे. आत्मा कुठे गेला, काय पाहिलं, त्याला देहाशी बांधणारी दोरी सोनेरी होती की रुपेरी. ते 'अॅस्ट्रल', म्हणजे सूक्ष्मदेहाचं, प्रकरण आपल्याकडे रुजवण्यात थिऑसॉफी या गूढविद्येच्या पंथवाल्यांचा मोठा हात. त्यांचे संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, तिथूनच त्यांनी मासिक काढलं. पण सूक्ष्मदेहाच्या गोष्टी आपल्याला काही त्यांनी शिकवायला नको होत्या. आणि आपल्या गोष्टींत मला कायम दिसतो तो मागे थांबलेला माणूस. शंकराचार्य अमरुक राजाच्या देहात शिरले तेव्हा शिष्य गुहेत त्यांचा देह राखत बसले. आईकडे नवनाथांची पोथी लागायची, त्यात मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या देहात जातात आणि भुयारात ठेवलेल्या त्यांच्या देहाची राखण गोरखनाथांकडे. राणीला सुगावा लागतो आणि ती त्या रिकाम्या देहाचे तुकडे करायला लावते. लहानपणी मला परकायाप्रवेशाचं अप्रूप नव्हतं, त्या भुयारातल्या देहाची धास्ती वाटायची.

फ्रेझर नावाच्या स्कॉटिश अभ्यासकाच्या 'द गोल्डन बाऊ'मध्ये तर मुंबईचीच नोंद आहे. झोपलेल्याचा चेहरा रंगवणं, झोपलेल्या बाईला मिशा काढणं, हे तिथे खुनासारखं मानत, कारण परतलेल्या जिवाला आपला देह ओळखू येणार नाही. हे वाचून मी उडालेच. मामाच्या गावी आम्ही झोपलेल्या मावशीला काजळाने मिशा काढल्या होत्या तेव्हा आजीने पाठीत धपाटे घातले होते. काजळ सांडलं म्हणून असेल असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

आमची ड्यूटी म्हणजे तरी दुसरं काय? दर दोन तासांनी कूस बदलायची, डोळे मिटत नसतील तर त्यात मलम घालायचं, ओठ ओले करायचे, आयामावशींना घेऊन स्पंजिंग. माणूस आत असो की छतापाशी, हे चुकत नाही. व्हेंटिलेटरवरच्या बाईचे केस विंचरताना मी 'आता वेणी घालते हं' असं सांगते. नवीन मुली हसतात. हसोत.

आज सकाळी हँडओव्हर देऊन निघताना काकांच्या मुलीने लिफ्टपाशी गाठलं. बाबांना सूक्ष्मदेहाने प्रवास शिकवणाऱ्या कुठल्याशा शिबिराची जाहिरात मोबाइलवर आलीय, त्यांनी नाव घालायचा हट्ट धरलाय. फी ऐकून मला तिथेच बसावंसं वाटलं. पैसे घेऊन आत्मा बाहेर काढून देणाऱ्यांवर माझा कवडीचा विश्वास नाही, आणि काकांना फुकटात जे झालं त्यासाठी आता पैसे कशाला मोजायचे? पण तिला एवढंच म्हटलं, हृदयाच्या नळीत स्टेंट घालून अजून आठवडाही झालेला नाही, तेव्हा श्वास कोंडणं आणि उपास नको, आधी डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. आणि बाबा सांगतात ते ऐकून घ्या, मध्येच खोडू नका. ती म्हणाली, "पण ते दर वेळी तुम्ही खुर्चीवर होतात म्हणतात." म्हटलं, म्हणू देत. स्टूलचं मी बघते.